झोके खाणारं इंजिन

सकाळी कॉलेजच्या मैदानावर गवत कापायचं मशीन चालू केलं आणि त्याने झोका खाल्ला. आवाज वर चढला, टोकाला जाऊन थबकला, खाली पडला, पुन्हा चढला. घुंऽऽ… घु… घुंऽऽ… घु. माझ्यासोबतच्या मुरुगन अण्णांना तो नुसता बिघाड. त्यांनी हात हलवून ‘बंद कर’ अशी खूण केली. मला मात्र त्या आवाजाने घाम फुटला. मी आधी टाकीच्या टोपीकडे पाहिलं, मग आभाळाकडे. पालघाटाच्या खिंडीतून येणारा वारा ढग पुढे ढकलत होता आणि मधल्या फटीतून लख्ख ऊन पडलं होतं. पोळा होऊन गेला. म्हणजे तिकडे अजून भादव्याची उघडीप चालू असेल.

तिकडे म्हणजे पहूरजवळ, आमच्या गावाला. मी इथे कोइमतूरला आलो तो ठिबकच्या नळ्या अंथरायला. आमच्या जळगावकडची पोरं त्या कामाला पार कुठे कुठे जातात. नळ्या अंथरून झाल्या, ठेकेदार पुढच्या कामावर गेला आणि मी या कॉलेजच्या गवतावर राहिलो. नववीत शाळा सोडलेला माणूस कॉलेजात राहतो, असं मी मजेने सांगतो. खरं तर पुस्तकं छातीशी धरून जाणाऱ्या पोरापोरींकडे बघताना माझं मशीन जरा वाकडं जातंच. पण तक्रार करायला तोंड नाही. काम सावलीचं आहे, जेवण वेळेवर आहे, आणि शाळा सोडून नशिराबादच्या हायवेवरच्या गॅरेजात जे हात काळे केले, त्या हातांना इथे मान आहे. ज्यांनी ज्यांनी मला कुठे ना कुठे उभं केलं, त्यांची नावं मी सकाळी मशीनला दोरी मारताना मनात घेतो. त्यात आता एक नाव असं आहे, की ते घेताना अजूनही जीभ जड होते. पंकज मिस्तरी.

उघडीप ज्याने शेतात काढली नाही, त्याला ती काय असते ते सांगणं अवघड आहे. पाऊस थांबला, ऊन पडलं, एवढंच ते नाही. काळी जमीन आधी चिखल असते, पाय ओढून घेते. मग एका सकाळी तुम्ही मूठभर माती उचलता, दाबता, आणि ती हाताला न चिकटता मोकळी होते. तो वाफसा. मग गावात कोणी कोणाशी धड बोलत नाही. कपाशीच्या तासांत, म्हणजे दोन ओळींमधल्या पट्ट्यांत, केना आणि लव्हाळा गुडघ्याला आलेला असतो आणि बठ्ठं, सगळंच गाव एकाच वेळी वावरात उतरतं. भादव्याचं ते ऊन पाठीवर तव्यासारखं बसतं. कपाशीची पिवळी फुलं दिवस कलता कलता गुलाबी होतात. चिरडलेल्या केन्याचा हिरवा, ओलसर वास येतो, त्यात पेट्रोलचा वास मिसळतो. पाऊस परत आला, की हे सगळं मिटलं. तोवर जेवढी तासं साफ झाली, तेवढी तुमची. बाकीची गवताची.

माझी गोष्ट गेल्या वर्षीच्या उघडिपीची आहे. वडील गेल्यावर बैलांमागे चालायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून जोडी मावशीच्या गावी दिली आणि निंदणीचं छोटं मशीन घेतलं. मी सुट्टीत जाऊन ते ज्योतीला, माझ्या बायकोला, शिकवून आलो. तिचं माहेर धुळ्याकडचं. ती अहिराणी बोलते, माझी माय तावडी बोलते, आणि दोघी भांडतात तेव्हा दोन्ही बोली एकमेकींत घुसतात. मला वाटलं होतं ज्योती घाबरेल. ती घाबरली नाही. पदर खोचला, दोन्ही मुठींनी दांडा धरला, आणि बांधावरून मी बघत राहिलो तोवर ती पार दुसऱ्या टोकाला गेली. वळताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मशीन सांभाळत होती ती, बघणार कशी? पण तेव्हाच, अगदी तेव्हाच, माझ्या मनात एक बारीकसा काटा घुसला. मी आनंदी व्हायला हवं होतं. झालोही. आणि काटाही राहिला.

मग पोळा झाला, बैल नसलेला पहिला पोळा. मी इथेच होतो. मायने खापरावरचे मांडे केले आणि फोनवर सांगितलं, “तुह्या मशीनले ओवाळलं रे दिल्या. गोठा रिकामा कसा ठेवू?” मी हसलो आणि विसरून गेलो.

त्यानंतर चार दिवसांनी उघडीप लागली आणि दुपारी ज्योतीचा फोन आला. मागे मशीनचा आवाज. घुंऽऽ… घु… घुंऽऽ… घु.

“आयकतस ना? सकायपासून असंच करी ऱ्हायनं.”

मी म्हटलं, चोक अर्धा ओढ. तिने ओढला. आवाज सरळ झाला. याचा अर्थ साधा आहे. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर हवा जास्त मिळतेय. इथवर मी बरोबर होतो. पुढे मी जे सांगितलं ते कुठल्याही मिस्तरीने सांगितलं असतं, की कार्बोरेटरमध्ये कचरा अडकलाय, खोलून साफ करावा लागेल. पण खोलणार कोण? मी दोन गाड्या बदलून पोचणार तोवर उघडीप संपणार. म्हणून मीच म्हटलं, “पहूरला स्टँडजवळ पंकज मिस्तरीचं दुकान आहे, त्याला बोलाव.”

पंकज आला. कार्बोरेटर साफ केला. मशीन गोड चालायला लागलं. तो चहा पिऊन गेला. आणि अर्ध्या तासाने मशीनने पुन्हा झोका खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून टाकी रिकामी करून नवीन भरलं. चाललं. चहा. गेला. झोका. मग हवेची जाळी. मग कार्बोरेटरखालचं पॅकिंग. दरवेळी तो असेपर्यंत मशीन शहाण्यासारखं चालायचं आणि त्याची मोटरसायकल फाट्याला लागली, की रुसायचं. मी इथे गवतावर मशीन फिरवत हिशेब मांडत होतो. असं कुठलं इंजिन असतं, जे एका माणसासमोरच सरळ चालतं?

इंजिनात गव्हर्नर नावाचा एक भाग असतो. वेग पडला की तो पेट्रोलची वाट उघडतो, वेग वाढला की बंद करतो. पेट्रोल पुरेसं येत असेल तर त्याचं काम कोणाला कळतही नाही. पण पेट्रोल कमी पडलं, की तो घाबरतो. वाट पुरती उघडतो, एक घोट मिळतो, इंजिन एकदम उसळतं, मग तो दचकून वाट मिटतो आणि इंजिन कोसळतं. पुन्हा उघडतो. म्हणजे झोका खाणारं इंजिन हे ताकद वाढलेलं इंजिन नसतं. ते उपाशी असतं. हे मला गॅरेजात शिकवलं होतं. पण माणसाला कमी कमी बातमी मिळाली, की त्याचंही असंच होतं, हे मी त्या भादव्यात आपलं आपण शिकलो.

कारण माझ्याकडे काय यायचं? दिवसातून एक फोन. आणि त्या फोनात, “पंकजभाऊ म्हनतस स्प्रिंग बदलीसन पाहू.” “पंकजभाऊनी सांगं.” “पंकजभाऊ ईसन गया.” ज्योती काही लपवत नव्हती. लपवणारी बाई एवढ्या वेळा नाव घेते का? हे मला कळत होतं. कळून काही होत नव्हतं. एकदा फोनमागे तो खोकला, तर तो खोकला मी रात्रीच्या जेवणापर्यंत ऐकत राहिलो. एकदा त्याचा आवाज आला, “वहिनी, साखर जरा कमी टाका.” साखर कमी! म्हणजे आधी जास्त पडलेली होती. म्हणजे तो सांगू शकतो. मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी ज्योतीला कधी साखरेचं सांगितलं नाही. जेवढी पडेल तेवढी प्यायलो.

मायला विचारलं, माणूस कसा आहे? वाटलं ती एखादी खोड काढेल, तिचा तो स्वभाव आहे. तर म्हणाली, “लय गुणाचा पोरगा हाये बाप्पा. हात धुतल्याबिगर चहाच्या कपाले हात नाही लावत.” माझे काळे हात पुसत मी फोन खिशात टाकला.

आणि त्यात मधू नाना. आमच्या शेजारचे. त्यांच्या ओट्यावरून आमचं दार सरळ दिसतं. त्यांचा फोन कधी येत नाही, तो आला.

“काय रे दिल्या, तुह्या घरी मिस्तरीनं खोली केली का भाड्यानं?”

“का हो नाना?”

“काही नाही. रोज गाडी दिसते दारात. मी आपलं इचारलं.”

“मशीन बिघडलंय, नाना.”

“हा, ते तर हायेच,” नाना म्हणाले आणि थोडं थांबले. “मशीनच असीन.”

ते थोडं थांबणं मला फार महागात पडलं. त्या दुपारी मी मैदानाच्या मधोमध मशीन बंद करून बसलो. मुरुगन अण्णांनी विचारलं, घरी काही? मी म्हटलं, इंजिन. ते म्हणाले, मग त्यात काय, ते तर तुझंच काम. माझंच काम! हजार कोसांवर माझं काम दुसरा माणूस करत होता, माझ्या वावरात, माझ्या मशीनवर, आणि वर माझ्या घरचा चहा पीत होता. मला नक्की कशाचा त्रास होत होता, हे मी आजही नीट सांगू शकत नाही. ज्योतीवर शंका होती, असं म्हणालो तर ते खोटं होईल. नव्हती म्हणालो तरी खोटंच. पण शंकेपेक्षा मोठं काही होतं. घराला गरज लागली होती आणि ती माझ्यावाचून भागत होती. शिक्षण नाही, पुढे काही पास नाही. इंजिन दुरुस्त करतो म्हणून घरात मी कोणीतरी होतो. ती जागा कोणी हात धुऊन, साखर कमी घेऊन भरून काढत होतं.

मी फोनवर फटकन बोललो. “त्याला सांग उद्यापासून येऊ नको. चहा प्यायला येतो नुसता. मुद्दाम बिघाड ठेवून जातो.”

मग ज्योती म्हणाली, “बठ्ठं वावर पडेल शे. आभाय भरी ऱ्हायनं. आन् तुमले चहानी पडेल शे.”

तिने फोन ठेवला. ज्योती फोन कधी आधी ठेवत नाही.

त्या रात्री झोप लागली ती तुकड्यातुकड्यांनी. मन चढायचं, पडायचं. सकाळी फोन करायचं धाडस होईना. मैदानावर दव होतं, गवत ओलं होतं, मी उगाच मशीन पुसत बसलो. तेवढ्यात तिचाच फोन आला. तोही तोंड दिसणारा. ती बांधावर बाभळीखाली बसलेली, कपाळावर घाम, केसांत मातीचा बारीक थर. मागे नुसतीच अर्धी साफ झालेली तासं, आणि त्यांच्यावर जामनेरच्या बाजूने चढत आलेलं काळं आभाळ. तिने ना कालचं काढलं, ना माझं जेवण विचारलं.

“मी एक पाह्यं. सांगू?”

“सांग.”

“मशीन झोका खास, तव्हय मी टाकीनं झाकण उघाडस. पेट्रोल शे का नही पाहाले. झाकण उघाडं का मशीन चांगलं चालस. लायं का थोडा येळमा परत तसंच.”

मी उठून उभाच राहिलो. इतके दिवस पंकज कार्बोरेटर साफ करत होता, जाळी बदलत होता, आणि दरवेळी त्यासाठी टाकीची टोपी उघडत होता. टोपी उघडली, की हवा आत जायची आणि मशीन शहाणं व्हायचं. तो गेला, टोपी लागलेली राहिली, की टाकीतलं पेट्रोल खाली उतरेना. बाटली उलटी धरून तिच्या तोंडाला पाणी अडकतं तसं. टाकीच्या टोपीला वरून एक बारीक भोक असतं, सुईएवढं. पेट्रोल जेवढं खाली जाईल तेवढी हवा त्या भोकातून आत यायला लागते. ते बुजलं असणार.

“फोन टोपीवर धर. जवळ. आणखी जवळ.”

टोपी दिसली. काळ्या टोपीच्या अगदी मधोमध एक लालभडक, जाडसर गोळा.

“ते लाल काय आहे?”

“ते? ते आईनी लायेल शे. रोज लावतस.”

पोळ्याला मायने मशीनला ओवाळलं होतं, आणि मला वाटलं होतं तेवढंच. ते तेवढं नव्हतं. बैल होते तेव्हा वावरात निघण्याआधी माय रोज त्यांच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावायची. ती सवय तिने मोडली नव्हती, जागा बदलली होती. मशीनचं कपाळ म्हणजे तिच्या हिशेबाने टाकीची टोपी. सगळ्यात वर, मधोमध, आणि बोट टेकवायला नेमका एक ठिपका आधीच पाडलेला. कोरडं कुंकू इंजिनाच्या थरथरीने उडायचं, म्हणून तिने ते शेंगतेलात कालवलं. त्यावर वावराची धूळ बसली. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरं बोट. असं करत करत बूच बसलं. कुठल्याही मिस्तरीने ते पाहिलं असतं आणि त्याच्या मनातही आलं नसतं. देवाचं कुंकू कोण खरवडून बघतं? पंकजने तर म्हणे टोपी दरवेळी दोन बोटांनी कडेने धरून अलगद बाजूला ठेवली होती. हात धुतलेला माणूस.

“काटा घे,” मी म्हटलं. “बाभळीचा. कुंकवाच्या मधोमध आत घाल.”

ज्योतीने वर हात करून काटा मोडला. आधी टोपीला हात लावून तो कपाळाला लावला, मग काटा घातला. टोपी लावली, फोन बांधावर ठेवला. दोरी ओढली. मी इकडे फोन कानाला दाबून धरला. ती कपाशीच्या एका तासातून पुढे गेली असेल, आवाज बारीक झाला, पण सरळ राहिला. परत आली, वळली, पुन्हा गेली. एकसुरी, लांब, न हलणारा आवाज. मला वाटलं, आता माझ्याही आत तसंच होईल.

झालं नाही. कारण संध्याकाळी ज्योतीने हसत हसत जे सांगितलं, त्याने काटा निघाला नाही, नुसता दुसरीकडे सरकला. पंकज बिचारा रोज का येत होता? लाजेने. एकदा दुरुस्त केलेलं मशीन परत यावं, ही त्याला नामुष्की वाटत होती. त्याने ज्योतीला हात जोडून सांगितलं होतं, “वहिनी, दिलीपभाऊंना कळवू नका. ते नशिराबादच्या गॅरेजातले. म्हणतील, याला साधं इंजिन जमत नाही.” ज्योतीने अर्थात ते ऐकलं नव्हतं, मला रोज सांगतच होती. मी इकडे त्याच्या नावाने जळत होतो आणि तो तिकडे माझ्या नावाने घाबरत होता.

“तुमले काय वाटनं व्हतं?” ज्योतीने विचारलं.

“मला? काही नाही. पॅकिंगच वाटलं होतं.”

ती इतकी हसली, की मला कळलं, तिला सगळं माहीत होतं.

पाऊस आला तो शेवटची तासं राहिली असताना. तेवढी गवताने घेतली. बाकी कपाशी ज्योतीने वाचवली. गावात नाव पंकजचं झालं, कारण लोकांनी त्याची गाडी पाहिली होती आणि काटा कोणी पाहिला नव्हता. मधू नानांनी त्याला आपलं फवारणीचं यंत्रही दाखवलं. ज्योतीचं नाव तेव्हा कोणी घेतलं नाही. या वर्षी घेतात. कोणाचं मशीन अडलं, की आधी तिला हाक मारतात, तिने नाही म्हटलं तरच पहूर. मला अभिमान वाटतो. खरंच वाटतो. आणि कोणी फोनवर म्हणालं, “वहिनींनी पाच मिनिटात चालू करून दिलं,” की मी विचारतो, “काय झालं होतं?” आणि ते म्हणतात, “ते आपल्याला काय कळतं, वहिनींना विचार.”

या वर्षी पोळ्याला गावी जाऊन आलो. निघायच्या दिवशी सकाळी नेमका वाफसा होता. माय दारात ताट घेऊन उभी. तिने आधी मशीनला लावलं. आता टोपीला नाही, दांड्याला, जिथे ज्योतीची उजवी मूठ बसते तिथे. मग माझ्याकडे वळली. अंगठा तेलकुंकवात बुडवला आणि माझ्या कपाळावर दाबून, चांगला जाड टिळा ओढला. तिचा अंगठा खरखरीत होता. मी डोळे मिटले.

“आई, जरासं बाजूले लावा,” मागून ज्योती म्हणाली. “भोक बुजी जाई!”

“काय बोलते ही?” माय चिडली. मग तिलाही कळलं आणि ताट हलेपर्यंत ती हसली.

ज्योती मला फाट्यापर्यंत सोडायला आली नाही. उघडीप कोणासाठी थांबत नाही, आणि मीही तिला तेच सांगितलं, जा तू. तिने पदर खोचला, पहिल्या ओढीला मशीन चालू केलं आणि वावराच्या वाटेला लागली. मी पिशवी घेऊन दुसऱ्या वाटेला. रिक्षा येईपर्यंत मी तो आवाज ऐकत उभा होतो. कपाशीच्या पार पलीकडून येत होता. माझ्या मायचं कुंकू लावलेलं, माझ्या बायकोच्या दोन्ही मुठींतलं ते इंजिन, लांब, सरळ, एका सुरात चाललं होतं. जराही हलत नव्हतं. आज तरी एक झोका खायला हरकत नव्हती.